कोशातले किडे

आरमोरी, १९५६. बुधवार, दिवेलागणीची वेळ.

हे आजच लिहायला हवं.

आई चुलीवर कोसा, म्हणजे रानातले रेशमाचे कोश, उकळत बसली होती आणि मी तिला पेकिंगच्या वसतिगृहाच्या गमती सांगत होतो. चिनी शिकायला गेलो, भाषा जमली, पण एक वाटी काही जमली नाही. माझ्याच खोलीत राहणाऱ्या लिनच्या घरून तळलेले रेशमाचे किडे आले होते. त्याने प्रेमाने वाटी पुढे केली आणि मी ओकायला बाहेर पळालो. माणसं किडे खातात तरी कशी?

आई हसली. "तू नाई का खात होता? इथीच, या चुलीपाशी. मामाकडे नागपूरले शिकाले जायच्या आंधी, ल्हान होता तवा."

मी? मी!

"या कोशातलेच किडे मीठ लावून भाजून देत होती. आनखी दे, आनखी दे म्हून रडत होता तू."

खोटं बोलत असेल? पण कशाला बोलेल? आणि मी लिनला छाती फुगवून सांगून आलो, आमच्याकडे असलं कोणी तोंडात घालत नाही!

आत्ता आईची हाक आली. वाटी भरली म्हणते. तव्यावर भाजलेल्या किड्यांचा वास इथपर्यंत येतोय.

देवा, तोंडाला पाणी सुटलंय.