दुहेरी पदवी आणि माझे नऊ टक्के

तीर्थरूप डॉक्टरदादा,

धाकट्या मावसबहिणीचा लांबूनच नमस्कार (जवळून केला की तू आशीर्वाद द्यायच्या आधी नाडी पकडतोस). तुझी तब्येत ठीक असेलच. डॉक्टरला तब्येत विचारणं म्हणजे माझ्यासारख्या शिवणकामवालीला अंगावर घालायला कपडे आहेत ना, असं विचारण्यासारखं आहे, पण रीत म्हणून विचारते. वहिनींचे गुडघे कसे आहेत? त्यांचा कोट तयार आहे म्हणून सांग (अस्तर आणि बाह्या सोडून).

पत्र लिहायचं कारण म्हणजे, माझ्या पायाबद्दल मी तुला जे सांगितलं ते खोटं होतं. मी दुकानातल्या स्टुलावरून पडले नाही. खरं काय झालं ते सांगते, पण त्यासाठी माझ्या भाचीपासून, म्हणजे तुझ्या पुतणीपासून सुरुवात करावी लागेल. तुला माहीतच आहे, तिला अ‍ॅक्च्युअरी व्हायचंय. हे काय असतं ते तिनं मला तीनदा समजावलं आणि मी ते गिऱ्हाइकांना तीन वेगवेगळ्या प्रकारे समजावलं. माझ्या समजुतीप्रमाणे, विमा कंपनीत बसून माणसं कधी जाणार याचा अंदाज बांधायचा. एकेकट्याचा नाही हं, लाखभर माणसांचा एकगठ्ठा. ठरावीक एका माणसाबद्दल यांना काहीच सांगता येत नाही म्हणे. (मग उपयोग काय, असं मी विचारलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.)

तर प्रश्न होता विद्यापीठाचा. एक जवळचं, बसनं वीस मिनिटं, तीन वर्षं आणि एकच पदवी. दुसरं आगगाडीनं सहा तास, तिथं पाच वर्षं आणि दुहेरी पदवी, विमाशास्त्राची आणि कायद्याची. म्हणजे कोण कधी जाणार तेही हीच सांगणार, आणि मागे राहिलेल्यांत कुणाला काय मिळणार तेही हीच. शिवाय लांबच्या ठिकाणी शिकलं की पुढच्या व्यावसायिक परीक्षांतले सहा पेपर माफ होतात, जवळच्या ठिकाणी दोनच. हे माफीचं प्रकरण मला फार पसंत पडलं. मला तर शिवणाच्या परीक्षेत कुणी बटणाचं साधं काजसुद्धा माफ केलं नव्हतं.

दोन्हीकडे नव्या मुलांना बघायला बोलावतात, त्याप्रमाणे आम्ही गेलो. जवळच्या विद्यापीठात विभागप्रमुख स्वतः माहिती देत होते. माहिती चांगलीच असावी, पण त्यांच्या कोटाचं अस्तर मागून बोटभर लोंबत होतं आणि माझी नजर काही तिथून हलेना. शेवटी ते फळ्याकडे वळले तशी मी पुढे झाले आणि दोन टाचण्या लावल्या. गृहस्थ केवढ्यांदा दचकले! भाची उठून तीन ओळी मागे जाऊन बसली, आणि पुढचा तासभर आमची ओळख नव्हती. पण नंतर तेच मला शोधत आले, कोट काढून हातात दिला, आणि मी अस्तराला टाके घालेपर्यंत शेजारी बसून राहिले. तेव्हा हळूच म्हणाले, तुमची मुलगी फार हुशार प्रश्न विचारते, शक्य असेल तर तिला लांबच पाठवा. (आमचं कापड घेऊ नका, समोरच्याचं घ्या, असं सांगणारा दुकानदार मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.)

मग लांबचं विद्यापीठ. वसतिगृहातली नमुन्याची खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्टवर दुरुस्तीची पाटी आणि पाटीवर बोटभर धूळ. खोलीची खिडकी नीट लागत नव्हती. मी पिशवीतली चिंधी दुमडून फटीत बसवली. भाची म्हणाली, आत्या, ही माझी खोली नाहीये. मी म्हटलं, कुणाची तरी असेलच ना. तिथून एका सभागृहात नेलं. शिकवणाऱ्या बाईंनी दोनशे माणसांना उभं केलं आणि प्रत्येकाला नाणं उडवायला लावलं. काटा आला की खाली बसायचं, छापा आला की पुन्हा उडवायचं. सात फेऱ्यांनंतर सगळ्या सभागृहात मी एकटी उभी! बाईंनी मला पुढे बोलावलं. मी बक्षिसाच्या आशेनं गेले, तर त्या सगळ्यांना म्हणाल्या, एवढ्या लोकांत कुणीतरी एक बहुधा उरणारच, यात या बाईंचं काडीचं कर्तृत्व नाही. अडुसष्ट वर्षांत माझा इतका नेमका अपमान कुणी केला नव्हता. पण वळून पाहिलं तर आपली पोर जागेवर उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता की मी अपमान गिळून टाकला. हिनं इथंच यायला हवं, हे मला तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर तिनं कपाटाच्या दारावर मोठा कागद चिकटवला. फी, वसतिगृह, माफ पेपर, नोकऱ्या, प्रत्येकाला वेगळे गुण. मी येताजाता लांबच्या रकान्यात पेन्सिलीनं अर्धा-अर्धा गुण वाढवत होते (आणि ती खोडरबरानं कमी करत होती). एके सकाळी पाहते तर सगळ्यात खाली बारीक अक्षरांत नवी ओळ: "आत्या, ६८, पाच वर्षं: ०.९१". मी काही अगदीच ढ नाही. तिचं विम्याच्या आकड्यांचं पुस्तक उघडून तासभर डोकं खाजवलं आणि उलगडा झाला. माझ्यासारख्या शंभर बायकांतल्या नऊ जणी पाच वर्षांत आटोपतात, असा त्याचा अर्थ! आणि लांबचा फॉर्म तसाच कोरा ड्रॉवरमध्ये पडलेला, मुदत या शनिवारची.

दादा, मरणाला मी भीत नाही. पण दहा वर्षांपूर्वी तिचे आईवडील, माझे भाऊ-वहिनी, गेले आणि तूच या पोरीचं बोट धरून तिला माझ्या दारात आणलंस. त्या दिवसापासून घरातलं माणूस बाहेर निघालं की ती किती वाजता परत येणार ते विचारते. आता माझ्या नऊ टक्क्यांपायी ती वीस मिनिटांवरचं कॉलेज धरणार, हे मला सहन होईना. म्हणून मी टक्के कमी करायला घेतले. चहातली साखर बंद. कापडाचे गठ्ठे घेऊन तीन मजले दिवसातून चार वेळा वर-खाली, तेही ती घरी असताना, शीळ घालत. तिसऱ्या दिवशी, शेवटून दुसऱ्या पायरीवर, तिच्या डोळ्यांदेखत पाय मुरगळला. माझ्या अंदाजानं आता अकरा टक्के झाले असतील.

बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार सांग आणि स्वतःलाही अधूनमधून तपासत जा.

तुझी धाकटी

ता. क. खरं काम राहिलंच. उद्या माझे रक्ताचे रिपोर्ट तुझ्याकडे येतील. साखर आणि कोलेस्टेरॉल, दोन्ही आकडे जरा सढळ हातानं चांगले लिही आणि खाली सही-शिक्का मारून "ही बाई नव्वदी सहज गाठेल" असं ठळक अक्षरांत टाक. मी कपड्यात दोन बोटं जास्तीची माया सोडतेच, तू रिपोर्टात सोडलीस तर काही बिघडत नाही. मात्र शनिवारच्या आत पाठव.

ता. क. २. पत्ता घालायला पत्र भाचीकडे दिलं आणि तिनं ते अथपासून इतिपर्यंत वाचलं. आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. लांबचा फॉर्म तिनं कंप्युटरवरून अकरा दिवसांपूर्वीच भरलाय! ड्रॉवरमधला नुसता जास्तीचा होता. म्हणते, आत्या, तू नऊ कशाला बघत बसलीस, एक्क्याण्णव बघ ना, एवढा चांगला आकडा निघाला म्हणून तर जायचा धीर झाला, फक्त तुला सांगायचा होत नव्हता. मी तिला म्हटलं, शाबास, फार छान झालं. मग दुकानात जाऊन एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या उलट्या लावल्या आणि दुपारभर उसवत बसले.

ता. क. ३. ती पोस्टाचं तिकीट आणायला खाली गेलीय तेवढ्यात लिहिते. चांगला रिपोर्ट आता नको. जमलं तर किंचित वाईट लिही. तिचं जाणं रद्द होईल इतका नाही हं, तसं केलंस तर माझ्याशी गाठ आहे. महिन्यातून एकदा घरी येऊन मला बघून जावंसं वाटेल, एवढाच.