कंठ पुतळीचा

रामनगर, ९ नोव्हेंबर १९६३

पोहोचले. खानापूरपासून बाजाची पेटी बसच्या टपावर होती, आणि प्रत्येक वळणाला माझा जीव तिच्याजवळ. उतरले तर बाबुराव मास्तर बँडचा लाल कोट घालून क्लॅरिनेट वाजवत उभे, मागे ढोलकीवाला म्हादू. स्टँडवरची माणसं गोळा झाली. एकाने विचारलं, नवरदेव कुठं हाय? म्हादू म्हणाला, नवरदेव न्हाई, पेटी आलीया, तिच्यासंगं एक पोरगी फुकट मिळाली. मला इतकं हसू आलं की प्रवासाचा शीणच गेला.

मास्तरांच्या बँडची पहिली ग्रामोफोन तबकडी गेल्या वर्षी निघाली. बेळगावपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत एकही लग्न तिच्याशिवाय झालं नाही म्हणतात. आता तबकड्या काढणाऱ्या कंपनीला दुसरा संच हवा आहे, दोन तबकड्या, चार गाणी. पहिलीत गायलेली पुतळी आजारी पडून गावी गेली आहे, म्हणून मला बोलावलं. मास्तरांची बायको इंदुबाई मला गिरजे म्हणतात, मी त्यांना अक्का म्हणते. त्यांनी पाण्याआधी गूळ दिला.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला घरीच लिहायला, वाचायला आणि गायला शिकवलं. त्यांचा नेम होता, रोज लिहावं आणि खोटं लिहू नये. तो इथेही पाळायचा आहे.

१३ नोव्हेंबर

माझी खोली अंगणापलीकडे आहे. आधी ती पुतळीची होती. खाटेखाली तिची पत्र्याची पेटी तशीच आहे. मी उघडली नाही, फक्त पुसून ठेवली. पुसताना आत फणी किंवा बांगड्या खुळखुळल्या. दुसऱ्याची वस्तू हलवली म्हणून दिवसभर मन खात होतं. शेवटी अक्कांना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, एवढ्याचं काय, ती काय बघायला येतीया? आणि लगेच भाकरी थापायला वळल्या.

आज पहिली तबकडी ऐकली. आवाज गोड नाही. रानात लांबून कुणी हाक मारावी तसा कोरडा आणि सरळ. मी शिकलेली आहे, ती शिकलेली नव्हती. तरी असा आवाज मला येणार नाही. हे लिहिताना जड जातं, पण खरं आहे.

२१ नोव्हेंबर

डोंगरातल्या बाजारकुणंगहून पुतळीची आई बाळी आली. सुपं विणून काळवंडलेली बोटं, आणि पदरात माझ्यासाठी दोन कोनफळं. मास्तरांनी तिला डोंगरातली गाणी मला शिकवायला पंधरा-वीस दिवस ठेवून घेतलं आहे. मी सहज विचारलं, पुतळी आता बरी आहे का? बाळीने कोनफळं खाली ठेवली. मग म्हणाली, पुतळी भाताच्या कापणीआधीच गेली. खोकल्यातून रगत यायचं. लग्नाचा हंगाम सरेपर्यंत मास्तरांनी तिला सोडली न्हाई, आणि मग लाकडाच्या ट्रकात बसवून दिली.

मी म्हादूला गाठलं. तो ढोलकीच्या दोऱ्या आवळत होता. म्हणाला, मास्तरला इचारू नगंस बाई, त्यो म्हणंल गावी गेलीया. गावीच गेलीया की, त्यात खोटं काय हाय?

२७ नोव्हेंबर

गाणी येऊ लागली आहेत. बाळी त्यांच्याकडची रीत सांगते. बाई गेली की तिची गाणी दुसरीने गायची, पण पहिल्या ओवीत तिचं नाव घेऊनच. जिवंत बाईचं नाव त्या ओवीत कधी घेत नाहीत. ती ओवी अशी:

कंठ पुतळीचा, पुतळी गेली रानी,
तिचं तिला देते आधी, मग माझी गाणी.

रानी गेली म्हणजे मेली. नाव घेतलं की ती मोकळी होते. न घेता कुणी गायलं तर ती आपलं आपण परत घेते, आणि घेताना किती घेते याला माप नसतं. बाळी हे भात कांडताना सांगावं तितक्या साधेपणाने सांगत होती. पुतळीचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. आईने ते घ्यायचं नसतं, आणि त्यांच्या वाडीत एवढं गाणारी दुसरी नाही. त्यासाठीच बाळी इथवर आली.

तिने माझा हात धरून विचारलं, घेशील न्हवं? मी अप्पांची शपथ घेतली.

८ डिसेंबर

आज लाकडाच्या डेपोतल्या शेडमध्ये तबकडीसाठी गाणी भरली. बाळी घरीच होती. पत्र्याचा घुमारा येऊ नये म्हणून चारी बाजूंनी ओली गोणपाटं टांगली होती. मायक्रोफोन उंच होता म्हणून मी भाताच्या पोत्यावर उभी. म्हादूला ढोलकी घेऊन पार बांबूंच्या मोळ्यांपाशी बसवलं. तो म्हणाला, आणि थोडा मागं सरकलो तर गोव्यातच पोचतो.

पहिल्या गाण्याच्या आधी मी ओवी म्हटली. कंपनीच्या गृहस्थांनी हात वर केला. तबकडीच्या एका बाजूला तीनच मिनिटं बसतात, हे काढा. मास्तर मला बाजूला घेऊन गेले. ओरडले नाहीत. म्हणाले, तबकडीवर नाव मिस पुतळी असंच छापायचं ठरलंय, लोक त्याच नावाला घेतात. ती मेली म्हणून तूच गायलीस तर घेणार कोण? आणि तुला परत खानापूरला जाऊन भिंतीला गाणं ऐकवायचं असंल, तर तसं सांग.

मी नाही म्हणू शकत होते. पण आपला आवाज तबकडीवर यावा हे मला हवं होतं. फार हवं होतं.

चारही गाणी ओवीशिवाय भरली.

९ डिसेंबर

बाळी आज परत गेली. ट्रकात चढताना तिने विचारलं, नाव घेतलंस न्हवं, बाय? मी व्हय म्हणाले. तिने माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

खोटं लिहू नये, म्हणून लिहिते. मी खोटं बोलले.

१५ फेब्रुवारी १९६४

तबकड्या आल्या. लेबलवर मिस पुतळी आणि पार्टी. माझं नाव कुठेच नाही. संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलवाल्याने कर्णा लावून चारही गाणी ओळीने वाजवली. ट्रक थांबले. ड्रायव्हर बशी हातात धरून ऐकत होते. मी अक्कांच्या मागे पदर ओढून उभी होते. एक जण म्हणाला, पुतळी ती पुतळीच, गेल्या सालापरीस कंठ पिकलाय.

सगळे खूश आहेत. मास्तरांनी पेढे वाटले. मी एक खाल्ला.

२३ फेब्रुवारी

बेळगावच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत. या आवाजाला शिकवणीचा स्पर्श झालेला नाही, हेच त्याचं सौंदर्य, असं लिहिलं आहे. अप्पांनी बारा वर्षं शिकवलं. मी कात्रण जपून ठेवलं, नंतर फाडलं, मग तुकडे परत गोळा केले.

आणखी एक. दुसऱ्या गाण्यात तिसऱ्या कडव्यानंतर कुणीतरी खोकतं. मी खोकले नव्हते. भरताना कुणी जरा खाकरलं तरी कंपनीचे गृहस्थ पुन्हा सुरुवात करायला लावत. पहिल्या दिवशी हा खोकला ऐकू आला नव्हता. मास्तर म्हणतात, रेघ पडली असेल.

४ मार्च

गेल्या आठवड्यात जगलबेटला लग्न होतं. वरचा सूर लागला नाही. त्या जागी नुसती हवा. नवऱ्याकडचा एक म्हातारा म्हणाला, ही पुतळी न्हवं, तबकडीवरची बोलवा. लोक हसले. शेवटी तिथल्या ग्रामोफोनवर तबकडी लावली आणि तिच्यासमोर मी नुसते ओठ हलवले. टाळ्या पडल्या.

त्यानंतर मी ताळा घेऊन पाहिला. हॉटेलात तबकडी जितक्या वेळा वाजते, तितका माझा आवाज दुसऱ्या दिवशी कमी असतो. रविवारी बाजारामुळे नऊ वेळा वाजली. सोमवारी मला पाणीसुद्धा मागता आलं नाही.

९ मार्च

हॉटेलवाल्याला तबकडी लावू नका म्हणून सांगायला गेले. बोलले ते त्याला ऐकूच आलं नाही, वर कर्णा चालू होता. पाटीवर लिहून दाखवलं. त्याला वाचता येत नाही. त्याने मला एक चहा दिला.

१४ मार्च

न सांगता बाजारकुणंगला गेले. बाळी अंगणात सूप विणत होती. तिने बाजारात चारही गाणी उभ्याने ऐकली होती. दोन दोन वेळा. नाव कुठंतरी येईल म्हणून.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तुझ्या अप्पाची शपत होती की गं. मी जमिनीवर बसून ओवी म्हणायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. श्वासही आला नाही. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, आता मागून काय द्यायचं, तिनं घ्यायला सुरवात केलीया.

परतीच्या वाटेवर मला खोकला आला. पदराला लाल.

१९ मार्च

तबकडीवर गाण्याच्या आधी आता गुणगुण येते. सुईचा आवाज नाही. बाई सूर धरते आहे. म्हादूने ऐकलं. ढोलकी खुंटीला टांगली आणि गेला. जाताना मला नुसतं म्हणाला, तूबी जा.

कुठे जाऊ? अप्पांना काय सांगू — कोणत्या तोंडाने —

२२ मार्च

आज तबकडीवर ओवी आली. नाक्यावर, भर बाजारात. भरताना काढून टाकलेली ती ओवी. तोच कोरडा, सरळ आवाज. मी आनंदाने उभी राहिले — आली म्हणजे सुटली पुतळी, आणि मीही —

शब्द वेगळे होते.

कंठ गिरजेचा, गिरजा गेली रानी —

जिवंत बाईचं नाव घेत नाहीत.

२३ मार्च

अक्का जेवायला हाक मारायला आल्या नाहीत. मीच गेले. एकच पान मांडलेलं. मी समोर बसले. त्यांनी शेवटची भाकरी गाईला घातली.

२५ मार्च

अक्कांनी माझी कपड्यांची पेटी पुसून खाटेखाली सरकवली. पुतळीच्या पेटीशेजारी. माझी फणी आतच —

मास्तर खुशीत आहेत. कंपनीचं पत्र आलंय. तिसरा संच हवा.

२८ मार्च

तुळजा नावाची मुलगी आली. नंदगडची. सतरा-अठराची. मास्तर क्लॅरिनेट घेऊन स्टँडवर गेले होते. हसत आली. अक्कांनी गूळ दिला.

तिने विचारलं, आधीची बाई कुठं गेली? अक्का म्हणाल्या, गावी गेलीया. आजारी हाय.

मी दारातच होते. ती माझ्यातून — माझ्या अंगावरून — कशी आत आली कळलं नाही.

२९ मार्च

तुळजा तबकडी ऐकून गाते. चांगलं गाते. उद्या बाळीला निरोप धाडणार म्हणे. बाळी येईल का? आली तर रीत सांगेल का? मी नाही म्हणायला हवं होतं. एवढंच होतं. एक नाही.

ही वही तिच्या उशाखाली ठेवते. अजून लिहिता येतंय. खोटं लिहिलेलं नाही.

तुळजा, आधी नाव घे. मास्तर काही म्हणोत. तीन मिनिटांत बसत नसलं तर गाणं सोड, ओवी सोडू नकोस. दोघींची नावं घे. अशी म्हण —

कंठ पुतळीचा, पुतळी गेली रानी,
कंठ गिर