बाहेरचं बटण

३ फेब्रुवारी, सोमवार

डोकं फिरवलं सूनबाईनं! दिवसभर मशीनवर वाकून पाठीचं लाकूड झालंय, आणि ही खडू घेऊन समोर उभी. म्हणे, "आई, तुम्ही सातवीत आहात असं समजा." म्हटलं, चौथीतनं उठवलं मला, सातवीत कशी बसू? तर म्हणे, "म्हणूनच तर. तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल."

हे कौतुक की काय, देव जाणे.

धडा अणूचा. कात्री, सुई, कापड, मी, ती – सगळं म्हणे अणूंचंच. दिसतो का? नाही. हाताला लागतो? नाही. मग तुला कुणी सांगितलं? तर हसते.

पण करायलाच हवं. पुढच्या मंगळवारी तिच्या वर्गाची तपासणी. मोठ्या बाई, आणि संस्थेच्या लांबच्या शाळेतले हेडसर मागच्या बाकावर बसून बघणार. पाठ जमला तर नोकरी कायम. नाही तर मेअखेर घरी. घरी म्हणजे माझ्याकडे नव्हे – तिच्या भावाकडे. तो दर रविवारी फोन करतोच. "ताई, तिथे आता तुझं कोण आहे?" मला इथवर ऐकू येतं. लेक माझा गेला, मी नाही गेले अजून!

४ फेब्रुवारी

प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन. जीभ वळेना. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मध्ये दाटीवाटीनं, इलेक्ट्रॉन बाहेर. प्रोटॉनचा विजेचा भार अधिक, इलेक्ट्रॉनचा उणे, दोघांची ओढ एकमेकांकडे. इथवर ठीक.

"न्यूट्रॉनचा भार?"

"काहीच नाही."

"मग काय बसून खातो?"

"आई! एकसारखे भार एकमेकांना ढकलतात. न्यूट्रॉन नसले तर प्रोटॉन एका जागी टिकणारच नाहीत."

म्हणजे दोन भांडकुदळ जावा, आणि मध्ये घर धरून ठेवणारी गरीब नणंद. तसं सरळ सांग की! ती इतकी हसली की खडू हातातनं पडला. लेक गेल्यापासून या घरात असलं हसू झालं नव्हतं.

ते नणंदेचं वर्गात सांगणार नाही म्हणाली. मोठ्या बाईंना चालायचं नाही. मोठ्या बाईंना काय चालतं?

६ फेब्रुवारी

आज भांडण.

मंगळवारी म्हणाली, इलेक्ट्रॉन गोल गोल फिरतो, सूर्याभोवती पृथ्वी फिरते तसा. आज म्हणते, तसं नाही खरं, तो नक्की कुठे आहे ते सांगताच येत नाही. मग मंगळवारी खोटं का शिकवलंस?

"आधी सोपं सांगायचं असतं आई, मग खरं."

वा! मी गिऱ्हाइकाचं आधी सोपं माप घेते, मग खरं घेते – चालेल? ब्लाउज अंगात जाईल का?

ती चिडली. "पोरंही हेच विचारतात, आणि मला उत्तर देता येत नाही!" खडू फेकला आणि आत गेली. भिंतीवर डाग पडला तो मीच पुसला. पुसताना वाटलं, चूक तिची नाही. असली न दिसणारी वस्तू शिकवायची तरी कशी?

७ फेब्रुवारी

गिऱ्हाइकांची रांग. धड बोलणंही झालं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मीच म्हटलं, दिसत नाही ना, मग मी शिवून देते!

कपाटातल्या चिंध्या काढल्या. तिनं लिथियम नावाचा अणू निवडला, लहान आहे म्हणून. लाल कापडाचे तीन गोळे प्रोटॉन, पांढरे चार न्यूट्रॉन, आत चिंध्या ठासल्या, सगळे एकत्र बांधले. भोवती भरतकामाच्या दोन जुन्या रिंगा, कापड गुंडाळून. इलेक्ट्रॉन म्हणून तीन काळी बटणं – दोन आतल्या रिंगेवर, एक बाहेरच्या.

बाहेरच्याची तऱ्हा वेगळी. ते टिचबटणावर लावायला लावलं. का? तर वर्गात सगळ्यांसमोर टिचकन काढायचं. बाहेरचा इलेक्ट्रॉन गेला की तीन अधिक, दोन उणे उरतात, अणूचा तोल बिघडतो – हा तिच्या पाठाचा मुख्य क्षण.

झाल्यावर तिनं तो दिव्याखाली फिरवून बघितला. म्हणाली, "आई, असा कुठल्याच शाळेत नसेल." मी म्हटलं, पुरे, लोणी नको लावूस.

भावाचा फोन आला. ही म्हणाली, "मंगळवारनंतर बोलू."

१० फेब्रुवारी

ते टिचबटण मला बघवत नाही. नुसतं बोट लागलं की निघतं! दोनदा जमिनीवरनं उचललं. माझ्या हातनं गेलेल्या कपड्याचं बटण आजवर कुणी परत घेऊन आलेलं नाही. लोंबतं बटण म्हणजे नाक कापलं शिवणाऱ्याचं.

आणि ही वाटेत बसच्या गर्दीत नेणार. हरवलं म्हणजे?

११ फेब्रुवारी, सकाळी

गेली. चहाही अर्धा टाकून. ती वेणी घालत होती तेवढ्यात मी त्या बटणाला चार टाके मारले. वर गाठ. आता वाटेत पडायचं नाही.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी

मेले मी.

आली, पिशवी टेबलावर ठेवली, पाणी प्यायली. मग अणू बाहेर काढला. बाहेरच्या रिंगेचं कापड फाटलेलं, आतनं लाकूड दिसतंय.

"आई, बटण शिवलंत?"

"हो."

"का?"

"पडलं असतं वाटेत."

ती खुर्चीत बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तुटक तुटक सांगितलं. पाठ छान चालला होता. मुख्य क्षण आला. धरलं, ओढलं – निघेना! परत ओढलं, तर अख्खा अणू हातात आला. वर्ग खिदळला. मोठ्या बाईंनी चष्मा काढला.

मग हिला काय सुचलं कोण जाणे. म्हणाली, "बघितलंत, किती घट्ट धरलंय! कोणी धरलंय?" पोरं ओरडली, "प्रोटॉननी!" "मग सोडवायला काय लागेल?" "जोर!" म्हणाली, या मग. सगळा वर्ग तुटून पडला अणूवर. शेवटी एका पोरीनं दातांनी दोरा तोडला. तिथवर घंटा झाली. अर्धा धडा राहिला.

मला टिचबटणाचं कारण रविवारीच सांगितलं होतं तिनं. ऐकलंही होतं मी. पण हाताला कोण सांगणार! माझ्या हातांना बटण दिसलं, अणू दिसलाच नाही.

फाटलेली रिंग शिवायला घेतली, तर म्हणाली, "राहू दे आई."

१३ फेब्रुवारी

मोठ्या बाईंचा निर्णय. नाही. "वर्गावर ताबा नाही, साहित्य सदोष."

साहित्य! सदोष!! चार टाके होते, एकही उसवला नव्हता, दातांनी तोडावा लागला! जाऊन सांगणार होते तोंडावर. हिनं हात धरला. "आई, तुम्ही गेलात तर आणखी वाईट होईल." खरं आहे. माझ्यानं चांगलं होतच नाही काही.

१४ फेब्रुवारी

भावाला फोन केला तिनं. मेमध्ये येतो म्हणाला, टेंपो घेऊन. ही "बरं" म्हणाली. नुसतं बरं.

एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

१६ फेब्रुवारी, रविवार

मी विचारलं, इथल्या दुसऱ्या शाळा? म्हणाली, विचारलं सगळीकडे. मग म्हणाली, "शिकवणीचे वर्ग काढीन घरात. पुढच्या खोलीत. तुमचं मशीन जरा सरकवू." म्हणजे भावाकडे जात नाही! मी लगेच म्हटलं, सरकवू की. मग तिचं तोंड बघितलं. घरात चार पोरांना बेरजा शिकवणाऱ्या बाईचं तोंड असं नसतं.

मशीन सरकवलं तरी.

१८ फेब्रुवारी

त्या लांबच्या हेडसरांचा फोन. मी बाहेरच्या खोलीत काज करत होते, तिच्या फोनचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. त्यांच्या शाळेत जागा आहे, कायमची, राहायला खोली. "बटण निघेना तेव्हा तुम्ही जे केलंत, तशी बाई मला हवी." इथून दिवसभराचा प्रवास. ही म्हणाली, "नाही सर. घरी सासूबाई एकट्या आहेत." विचारलंही नाही मला!

उठले. तिच्या हातातनं फोन घेतला. म्हटलं, "सर, ती येते. मी सासूच बोलतेय."