मावशीला ओळख द्यायची नाही

मोन्तेविदेओ
५ मार्च १९९६

ती. निबियाताईस,
धाकट्या यानिनाचा सा. न. वि. वि.

ताई, मी पोचले. बरी आहे. ओफेलियामावशी पण बरी आहे. दुकानामागे माझी खोली. खोली कसली, मावशीचा न विकलेला माल आणि मधे माझी कॉट. सगळं पन्नास-साठ सालातलं. बारीक पायांच्या खुर्च्या, बुटकी सागवानी कपाटं, दुधी काचेचे दिवे. मला वाटायचं जुनं म्हणजे नक्षीचं. पण नक्षी दिसली की मावशी नाक मुरडते. तिला साधं पाहिजे. असल्या साध्या खुर्चीसाठी ब्वेनोस आयरेसचे लोक बोटीनं नदी ओलांडून येतात गं.

आता माझं काम सांगते. नेल्सनभावजींना सांगू नको, ते गावभर करतील. लिलावात मावशीनं हात वर केला की बाकीचे व्यापारी पण करतात. ओफेलियाला पाहिजे म्हणजे माल चांगलाच, असं. मग भाव चढतो. म्हणून तिनं मला बसवलंय. तिचं आणि लिलाव पुकारणाऱ्या एवारिस्तोकाकांचं आधीच ठरतं, कोणती वस्तू ते. ती वस्तू आली की मी नुसतं बसून राहायचं. बसलेय तोवर माझी बोली चालू. उठले की बंद. कुठल्या आकड्याला उठायचं ते मावशी घरूनच सांगते. हात हलवायचा नाही, मान हलवायची नाही, बोलायचं तर नाहीच. मावशी म्हणाली की अशी पोरगी शोधून सापडली नसती, भिंतीला टेकली की भिंतच वाटते.

पहिल्यांदा मला बरं वाटलं. शाळेत उभं करून वाचायला लावायचे तेव्हा मी पुस्तकामागे तोंड लपवायची, म्हणून तर शाळा सोडली. इथे न बोलणं हेच काम.

पण मी तिची भाची हे कोणाला कळता कामा नये. म्हणून मागच्या गल्लीतून जायचं-यायचं. गिऱ्हाईक असलं की खोलीतून बाहेर पडायचं नाही. रस्त्यात मावशी दिसली तर ओळख द्यायची नाही. गल्लीत समोर इल्दाबाई राहतात. दारात बसून खुर्च्यांच्या वेताच्या बैठका विणतात. त्या एकदा म्हणाल्या, ये की पोरी, शिकवते, माझी बोटं आता वळत नाहीत. ताई, मला इतकं जावंसं वाटलं. पण मावशी म्हणाली, खुळी का तू, सगळ्या व्यापाऱ्यांच्या खुर्च्या तिच्याकडे येतात, आठवड्यात तुझं तोंड सगळ्यांना पाठ होईल.

मला परत बोलव ना तुझ्याकडे.

तुझा लोभ आहेच, थोडा टपालानं पण पाठव.
तुझी
यानिना


पायसांदू
१९ मार्च १९९६

चि. यानिनास,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. नेल्सनला सांगितलं, राहवलं नाही. तो म्हणतो बसायचा पगार मिळतो तर मला पाठवा, मी बसलो की उठतच नाही. मांसाच्या कारखान्यानं त्याला घरी बसवलंय ना, त्यामुळे त्याचा सराव चालू आहे.

बाळे, खरं सांगू का, इथे जागा नाही. दोन पोरं, सासूबाई, आम्ही दोघं, सगळे एका खोलीत. तू आलीस तर दारात झोपावं लागेल. मावशीचा स्वभाव कडक आहे पण उपाशी ठेवणारी नाही ती. लहानपणी पाहुणे आले की तू टेबलाखाली जाऊन बसायचीस आणि आम्ही ओढून काढायचो. आता कोणी ओढत नाही तर रडतेस होय? थोडी कळ काढ.

माया तेवढीच आहे, पातळ झालेली नाही.
तुझी
निबियाताई


मोन्तेविदेओ
११ एप्रिल १९९६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, घोटाळा झाला माझ्या हातून. हातून पण नाही, पायांमुळे.

एक आरामखुर्ची आली होती, जकारांडाची. लाकूड काळपट तांबडं, चामडं बसून बसून मऊ झालेलं. माल बघायच्या दिवशी मावशी तिच्याकडे वळली पण नाही. एका टाकाऊ कपाटाचे खण ओढून ओढून वास घेत बसली, म्हणजे सगळे त्या कपाटामागे लागतील. लागले पण. लिलावाच्या दिवशी खुर्ची आली, आणि टकल्या रूबेन म्हणून एक व्यापारी आहे, त्यानं हात वर केला तो खाली घेईचना. माझा आकडा मागे गेला. आता उठायचं, बस तेवढंच.

पण सगळे गप्प झाले होते. आपल्यावर कोण बोली चढवतंय म्हणून रूबेन मागे वळून वळून बघत होता. उठले असते तर अख्ख्या दालनानं माझ्याकडे बघितलं असतं. ताई, पाय हललेच नाहीत. एवारिस्तोकाका पुकारत राहिले. एकीकडे रूबेनचा हात, एकीकडे माझं बसणं. मावशी मागे सूपाच्या भांड्याचं झाकण धरून उभी होती. ओरडली असती तर तिचंच बिंग फुटलं असतं. शेवटी रूबेननं हात खाली घेतला आणि खुर्ची नको त्या भावाला आमच्या गळ्यात पडली.

घरी आल्यावर मावशी ओरडली नाही. तेच वाईट. म्हणाली ही खुर्ची आता वर्ष-दोन वर्षं विकली जायची नाही, आणि ती विकेपर्यंत तू पण कुठे जायची नाहीस. खुर्ची माझ्या कॉटला चिकटून ठेवलीये. तिच्यावर बसायचं नाही.

त्यात रूबेननं सगळीकडे उठवलंय की कोणी बडं परदेशी गिऱ्हाईक लपून माल उचलतंय. ते ऐकून मावशीचा राग निम्मा गेला. म्हणाली, शोधू देत मेल्यांना. आता मला दुपारचं पण बाहेर जायचं नाही. खिडकीतून इल्दाबाईंचे हात दिसतात, तेवढंच.

रागावू नको, आणि रागावलीस तरी लिही.
यानिना


पायसांदू
२४ एप्रिल १९९६

चि. यानिनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र नेल्सनला वाचून दाखवलं. तो हसला नाही. नुसता माते-चहाचा पेला हातात धरून बसला, पाणी गार झालं.

एक विचारते. तिथे तुझं नाव किती जणांना माहीत आहे? मावशी, आणि तो पुकारणारा. उद्या रस्त्यात चक्कर येऊन पडलीस तर लोक कोणाच्या दारी आणून टाकतील?

जागा अजून नाहीच. मावशीला लिहिलं तर म्हणेल पोरीनं कागाळी केली, आणि तुला आणखी कोंडेल. म्हणजे इथून माझं काही चालत नाही. चोरी नको, पळून येणं नको. बाकी तुला सुचेल ते कर, मी तुझ्या बाजूनं आहे.

तुझ्यावर जीव लागून असलेली
ताई


मोन्तेविदेओ
८ मे १९९६

ती. निबियाताईस,
सा. न. वि. वि.

ताई, केलं.

परवा माल बघायचा दिवस होता. मावशी गुडघ्यावर बसून एका कपाटात डोकं घालून होती. तिला नको असलेलं कपाट, नेहमीसारखं. रूबेन बगलेत थर्मास आणि हातात माते-चहाचा पेला धरून बाजूलाच. चार-पाच व्यापारी भोवती. मी लांब बश्या बघत उभं राहायचं असं ठरलेलं.

मी तिच्याजवळ गेले. कान इतके तापले की बस. मावशी म्हणून हाक मारली, पण हाक तोंडातून निघालीच नाही, नुसते ओठ हलले. मावशीनं माझे बूट ओळखले आणि कपाटाच्या आतूनच फिस्सकन म्हणाली, जा इथून. मग मी मोठ्यांदा विचारलं की मावशी, रात्रीला भोपळा करू की शेवया? ताई, मला तेवढंच सुचलं गं.

रूबेननं माझ्याकडे बघितलं, कपाटाबाहेर राहिलेल्या मावशीच्या पाठीकडे बघितलं, आणि इतका हसला की चहा शर्टावर सांडला. ओरडला, अगं ओफेलिये, ही तुझी होय! आणि आम्ही महिनाभर परदेशी पाहुणा शोधतोय! एवारिस्तोकाका एकदम चष्मा पुसायला लागले. मावशीनं डोकं बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग आतूनच म्हणाली, भोपळा.

घरी मात्र सगळं निघालं. बेइमान म्हणाली, तुला आणलं तेच चुकलं म्हणाली. तुझं तोंड आता अख्ख्या गावानं बघितलं, मला तुझा काय उपयोग, म्हणाली. मी म्हणाले, काहीच नाही. त्यावर ती ताटावर बसली. भोपळा जेवली. दुसऱ्यांदा वाढून घेतला. मग ताटाकडे बघत म्हणाली की फुकट बसवून खायला घालणार नाही, त्या इल्दाकडे जायचं तर जा.

आज माझा पहिला दिवस झाला. बोटांना चिरा पडल्यात म्हणून अक्षर असं. दिवसभर माणसं खुर्च्या घेऊन येतात आणि सगळी मला काहीबाही विचारतात. रूबेन तर मुद्दाम दोनदा आला. मला अजून हो आणि नाही एवढंच जमतं, बाकी नुसती लाल होते. इल्दाबाईंना मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, बोलायला तुला सांगितलंय कोणी, विणताना ओल्या वेताचं टोक दातांत धरायचं असतं.

पोरांना पापे, भावजींना नमस्कार, आणि तुझा लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी
यानिना