परडीतला गहू

चि. गुंजन,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. धाकट्या भावाला, निनादला, आपली एक किडनी द्यायला गेलेल्या मुलीला आईने ऑपरेशनच्या आदल्या दिवशी असलं काही लिहू नये.

बाबा तुम्हा दोघांजवळ बंगळूरला आहेत. घट बसलेत, अखंड दिवा सोडून घर बंद करता येत नाही, म्हणून मी इथे लांब, विजयनगरातल्या आपल्या घरी एकटी. आज तिसरी माळ झाली तरी परडीतला गहू वर आलेला नाही. दरवर्षी एव्हाना हिरवी टोकं दिसतात.

शेजारच्या सिसिलियाबाई चर्चमधून येताना डोकावल्या. मी त्यांना परडी दाखवली. "हेदरबेडी," कानडीत म्हणाल्या, म्हणजे घाबरू नका. "येशूस्वामींनी सांगितलंय, गव्हाचा दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. मेला तर पुष्कळ पीक देतो." त्या धीर द्यायला बोलल्या गं. मला मात्र 'मेला' एवढंच ऐकू आलं.

त्या गेल्यावर मी करू नये ते केलं. बसलेल्या घटाची माती नखाने उकरली. फुगून मऊ झालेला एक दाणा हाती आला. त्याला खालून पांढरं मूळ फुटलं होतं. तो जिवंत होता, आणि माझ्या नखाने ते मूळ तुटलं.

दाणा परत पुरलाय, वर पाणी शिंपडलंय. बाकीच्यांना हात लावणार नाही. उद्या तुम्हाला आत नेऊन दार लावतील, तेव्हाही मला आतलं काही दिसणार नाहीच.

परडीत मूठभर गहू आहे. मी उकरला तो दाणा तुझा नसावा.

तुझी,
आई