दहा ऑर्डरी घेणारी बाई

प्रिय भिंगरी,

तुला आज्या दोन आहेत. पैसेवाल्यांसमोर एवढाले आकडे तू न अडखळता सांगितलेस आणि नेमका हाच विसरलीस, म्हणून आधी तो कळवते. दुसरी आजी अजून आहे. तिसऱ्या मजल्यावर राहते, जिने आपल्या पायांनी चढते, आणि रविवारी तू केलेला फोनही तिनेच उचलला होता. पत्र पाहून दचकू नकोस. अक्षर खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं आहे, तोंड माझं. माझी बोटं हल्ली आखडतात, असं तूर्त धरून चाल. मी बोलेन ते जसंच्या तसं उतरवायचं, मला गोड करायचं नाही, असं नर्सबाईंना बजावलंय. त्या मान डोलावतात, पण मधूनच, हे राहू द्या ना आजी, म्हणतात. तेवढ्यावरून मला कळतं की ते राहू द्यायचं नाही.

तुझ्या भाषणाचा व्हिडिओ मी त्यांच्याच फोनवर पाहिला. एकदा नाही, चार वेळा. पहिल्या वेळी तुलाच बघत होते. मान बापासारखी ताठ, हातांची तीच भिरभिर. घरी रांधणाऱ्या बायका, फोनवरून पार्सल मागवणारी माणसं आणि दोघांच्या मधे तुझी ती ऑनलाइन दुकानदारी, हे सगळं इतकं सोपं करून सांगितलंस की माझ्याही टाळक्यात शिरलं. रांधणाऱ्या बाईला फोनवर अक्षरं दिसणार नाहीत, रंग आणि चित्रं दिसतील, म्हणजे जिला वाचता येत नाही तिलाही धंदा करता येईल, असं म्हणालीस तेव्हा मी नर्सबाईंना कोपराने ढोसलं. आणि मग म्हणालीस, हे मी लहानपणी माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात पाहिलं. आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर आल्या कोण, तर विहीणबाई! तुझ्या आईची आई! चष्मा नवा, केस चापूनचोपून बसवलेले, हसू असं की पडदा जणू त्यांच्याच मापाचा शिवून घेतलाय. पुढच्या तीन वेळा मी फक्त त्यांनाच पाहिलं. पोटात दुखलं का? दुखलं. नर्सबाईंनी माझा रक्तदाब मोजला आणि आकडा मला सांगितला नाही. फोनवर तू म्हणालीस, पुढचं प्रात्यक्षिक त्याच करणार होत्या म्हणून फोटो त्यांचा लावला, दोन आज्या दाखवल्या तर लोक गोंधळतात. लोकांचं मला माहीत नाही बाई, तू मात्र गोंधळलीस.

ते प्रात्यक्षिकही पाहिलं. तीस वर्षं शाळा चालवलेल्या मुख्याध्यापिकेने अडाणी बाईचं सोंग घ्यायचं, असा तुझा बेत. फोन वाजला, लाल ठिपका आला, अंड्याचं चित्र आलं. त्यांनी मुकाट्याने हिरव्या गोलावर बोट ठेवायचं होतं. पण खाली मुंगीएवढ्या अक्षरांत कसली तरी सूचना होती, ती काढायची तुमच्याकडून राहून गेली होती, आणि अक्षर दिसलं की त्यांना राहवतं थोडंच? शेवटच्या बाकावर ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ती सगळी वाचून दाखवली. वर अक्षर फार बारीक काढलंय म्हणून तुलाच दटावलं. सगळे हसले. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, खोटं कशाला बोलू. मग ती आखूड केसांची पैसेवाली बाई हसायची थांबली. म्हणाली, पुढच्या गुरुवारी खरंच वाचता न येणारी बाई आणा. आमच्यासमोर तिने दहा ऑर्डरी बिनचूक घेतल्या तर पैशांचं पुढचं बोलू, नाहीतर इथेच थांबू. तेव्हा तुझा चेहरा पाहिला आणि माझंही हसू गेलं. लहानपणी गुडघा फोडून घरी आलीस की असाच चेहरा करून म्हणायचीस, काही नाही झालं.

रविवारी फोन केलास तेव्हाही आवाज तसाच होता. तुझ्याकडे रांधणाऱ्यांत तशा सहाजणी आहेत, पण चार माणसांत उभं राहून, मला वाचता येत नाही, असं म्हणायला एकही तयार नाही. एकीने तर तुझ्याशी बोलणंच टाकलं. तू वैतागून म्हणालीस, यात लाजायचं काय एवढं? आणि मग, आजी, तुझ्या जुन्या ओळखीत अशी कोणी बाई असेल तर बघ ना. मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. गॅसवरचं दूध उतू जाऊन करपलं, तेव्हा उठले.

लाजायचं काय असतं ते सांगते. गल्लीच्या टोकाला छापखाना होता, आठवतो? तिथल्या बावीस माणसांना मी दुपारचे डबे द्यायचे. प्रत्येक डब्याच्या कडीला रंगीत दोरा. लाल म्हणजे तिखट नको, निळा म्हणजे भात जास्त, पिवळा म्हणजे अंडं. दोऱ्याला एक गाठ असली तर डबा पहिल्या यंत्रावरच्या माणसाचा, दोन असल्या तर दुसऱ्यावरच्या. तू फरशीवर फतकल मारून दोरे वेगळे करायचीस आणि तुला वाटायचं, आजी डबे सजवते. छापखान्याच्या मॅनेजरलाही तेच वाटायचं. बाईंना हौस भारी, म्हणायचा. मी म्हणायचे, हो, हौसच. एकदा त्याने सगळ्यांच्या नावांच्या छापील चिठ्ठ्या करून आणल्या. डब्यांना चिकटवा, तुमचं काम किती सोपं होईल, म्हणाला. मी त्याचे आभार मानले, त्याला चहा दिला, तो गेल्यावर चिठ्ठ्या बादलीतल्या पाण्यात बुडवल्या आणि दुसऱ्या दिवशी, भिजल्या हो, म्हणून सांगितलं. इथे नर्सबाई माझ्याकडे बघताहेत. बघू देत.

आणि तुझं ते अस्वलाचं पुस्तक. रोज जेवण झालं की ते घेऊन मांडीवर यायचीस. एक दिवस अस्वल मध चोरायचं, दुसऱ्या दिवशी विकत घ्यायचं, एकदा तर मी त्याचं माशीशी लग्न लावलं. तू खिदळायचीस. मग सुट्टीत विहीणबाईंकडे जाऊन आलीस आणि म्हणालीस, आजी, तू चुकीचं वाचतेस, त्या आजीकडे अस्वल रोज एकच बोलतं. मी चष्म्याचं निमित्त सांगितलं. तू पुस्तक बगलेत मारलंस आणि म्हणालीस, राहू दे, मी तिकडेच ऐकेन. सहा वर्षांची होतीस, तुझ्यावर कसला राग धरायचा? म्हणून मी तो विहीणबाईंवर धरला. आजतागायत धरलाय, चांगला मुरलाय. त्यांचा चष्मा, त्यांची पर्स, पेपर चाळता चाळता मधलंच काहीतरी वाचून दाखवायची त्यांची ती सवय, सगळं मला खुपतं. आणि सगळ्यात जास्त काय झोंबतं सांगू? त्यांनी मला ओळखलं होतं. एकदा भांडी आवरताना जवळ येऊन हळूच म्हणाल्या, दुपारच्या येत जा, मी शिकवीन, कुणाला कळणार नाही. मी फटकन म्हटलं, मला वेळ नाही. त्यानंतर वीस वर्षं त्या कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. तुलासुद्धा नाही. तुला हवी ती बाई कुठे आहे हे ठाऊक असूनही सोंग घ्यायला स्वतः उभ्या राहिल्या आणि एवढ्या लोकांत हसं करून घेतलं. अशा माणसाचा धड हेवाही करू देत नाही देव.

तर बये, बाई सापडली. वय अठ्ठ्याहत्तर, नजर चांगली, जीभ त्याहून चांगली. अकरा वर्षं रोज बावीस डबे दिले, एकही चुकला नाही, तिथे तुझ्या दहा ऑर्डरींचं काय घेऊन बसलीस. बोटांचं सांगितलं ते खोटं, बोटं ठणठणीत आहेत. तुझ्या आजोबांना ठाऊक होतं, म्हणून तर सगळी पत्रं तेच लिहायचे. तुझ्या बापाला संशय आहे पण विचारायची छाती नाही, त्याला आता तूच सांग. मला फोनवर सांगता आलं नसतं, तू मधेच रडली असतीस आणि मग मी येते म्हणालेच नसते. गुरुवारी फोन माझ्या हातात दे आणि बाजूला हो, शेजारी उभी राहून खाणाखुणा करू नकोस. लाज वाटेल, तिचं काय करायचं ते मी बघते. विहीणबाईंना पहिल्या रांगेत बसव, तोंड मिटून बसतील एवढं मात्र बघ. गाडी बुधवारी दुपारी पाठव, आणि गाडीबरोबर जेवण. तुझ्या ऑनलाइन बायकांचं नको, ते मी गुरुवारनंतर आयुष्यभर खाईन. विहीणबाईंना म्हणावं, वाटाण्याचं सूप करून द्या, मिरी बेताची, मीठ मात्र तुमच्या त्या सढळ हाताने नको. आणि दोघींना पुरेल एवढं करा, म्हणजे ते घेऊन स्वतःच गाडीत बसलात तर वाटेत थांबून जेवता येईल.

तुझीच,
आजी