ओलं पॉलिश

धाकट्या, अनेक आशीर्वाद.

हे पत्र घासायच्या पॉलिश पेपरच्या पाठीवर लिहितेय, खिडकीखालच्या कोपऱ्यात बसून. पोस्टात टाकणार नाहीये, तेव्हा निर्धास्त राहा.

गेल्या खेपेला तू म्हणालास, "आई, या लाकडी जमिनीवर माझी पोर रांगणार नाही. गुडघ्यात कुसळं जातील." आणि चहाही न घेता निघून गेलास. मला असा राग आला! पण तू खोटं बोलला नव्हतास. म्हणून भाड्याच्या घराच्या फळ्या मी गुडघ्यांवर बसून घासल्या, फटी बुजवल्या. हातांची सालटी निघाली.

काल घरमालक आले. जमीन बघून हरखले आणि म्हणाले, "आता आमची लेकच इथे राहायला येईल. तुम्ही दुसरीकडे बघा."

तरी आज शेवटचा हात मारायला घेतला. अर्धवट काम मला बघवत नाही. पण डोकं ठिकाणावर नव्हतं. दारापासून सुरुवात केली आणि पॉलिश लावत लावत या कोपऱ्यात अडकले. तुझे बाबा असते तर पोट धरून हसले असते.

आत्ता फोन वाजला. तो दाराजवळच्या स्टुलावर राहिलाय. तूच असशील असं वाटलं. उठले, एक पाय उचललासुद्धा. पण ओल्या पॉलिशवर पाऊल उमटलं असतं, म्हणून परत बसले. फोन वाजून वाजून थांबला.

जमीन आरशासारखी झालीय रे. एकही पाऊल नाही तिच्यावर.

सगळं घर रांगून झालेली,
तुझी आई